उदय घरी आहे

सुनंदाकाकूंच्या घरात बिनकामाची वस्तू टिकत नाही. आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओल्या-सुक्याच्या वेगवेगळ्या थैल्या घेऊन सगळ्यात आधी त्या दारात. शाळेत गणित शिकवलं, तोच काटेकोरपणा घरात. काकांचे कपडे त्यांनी तेराव्याच्या आतच वाटून टाकले, तेव्हा नातेवाइकांना बोलायला विषय मिळाला. मला मात्र ते आवडलं होतं. मी त्यांचा पुतण्या समीर, याच शहरात पलासियात बँकेत नोकरीला, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून वैताग येतो. हे आधीच सांगून ठेवतो.

तर अशा काकूंच्या कपाटावर एक जुना राउटर पडून होता आणि त्या त्याला हात लावेनात.

उदयसिंहकाका जन्मभर मानपुरला ट्रकांच्या वजनकाट्यावर होते. घरी यायचे आठवड्यातून एकदा. काकूंचा अर्धा संसार वाट बघण्यातच गेला. रिटायर झाल्यावर काकांनी हौसेने इंटरनेट घेतलं आणि वायफायला नाव दिलं, ‘उदय घरी आहे’. साऱ्या गल्लीच्या फोनमध्ये ते दिसायचं. लोक चेष्टा करायचे, काका खूश व्हायचे. दिवेलागणीला कॅनडाहून उर्वीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, व्हिडिओ कॉल यायचा आणि काका शर्ट बदलून बसायचे.

ते गेले, तेव्हा दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. आमच्याकडे हे फार मनाला लावून घेतात. गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजून एकेकजण पुढे होतो आणि पिंडासमोर शब्द देतो. काकांच्या भावांनी घर सांभाळू म्हटलं, उर्वीने आईला सांभाळीन म्हटलं. कावळे झाडावरून हलेनात. मी घड्याळ बघत होतो. शेवटी काकू पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “तुमचं वायफाय मी कधी बंद करणार नाही.” वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. माझ्या अंगावर काटा आला, पण एवढा वेळ उन्हात उभं राहिल्यावर माणसाला काहीही होतं.

पुढे काकांनी ज्या कंपनीचं नेट घेतलं होतं, ते रोज बसायला लागलं. उर्वीचा चेहरा मध्येच थिजायचा, आवाज तुटायचा. मीच मागे लागून काकूंना दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्यायला लावलं आणि जुनं बंद केलं. राउटर जुन्या कंपनीचा, तो परत करायचा होता. न्यायला येणारा माणूस फोन करायचा आणि काकू त्याला उद्या या म्हणायच्या.

एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आपला फोन पुढे केला. नव्या वायफायच्या खाली, भरपूर रेंज दाखवत, ‘उदय घरी आहे’.

राउटर चुकून चालू राहिला असेल म्हणून कपाटावर बघितलं. वायर गुंडाळून रबर लावलेली, वर धूळ. मग वाटलं, शेजारचं कुणीतरी मस्करी करतंय. फोन घेऊन जिना उतरलो. गल्लीत पुढे गेलो तशी रेंज कमी होत गेली, परत वर आलो तशी वाढली. कपाटापाशी सगळ्यात जास्त. माझा स्वतःचा फोन काढला, तर तो त्या वायफायला आपोआप जोडलाही गेला होता. मी राउटर खाली घेतला. तो कोमट होता. मी घाबरलो, सरळच सांगतो.

काकू घाबरलेल्या नव्हत्या. “रोज शाम को दिसतं रे,” त्या म्हणाल्या. “थोडी देर राहतं, मग चाललं जातं. मी शब्द दिला होता ना बेटा. मतलब हे अडकले माझ्यामुळे. ना इकडे, ना तिकडे.”

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी ज्ञान पाजळलं. राउटर परत देण्याआधी रीसेट करावाच लागतो, नाहीतर आपलं नाव आणि पासवर्ड त्यात तसेच राहतात. वीज जोडायची, मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरायची, सगळं पुसलं जातं. काकूंनी पदराची सेफ्टी पिन काढली, राउटर पाटावर ठेवला, पण मला वायर जोडू दिली नाही. त्याच्यासमोर बसून त्यांनी हात जोडले.

“ऐकता का,” त्या म्हणाल्या. “शब्द मी दिला होता, मीच परत घेते. मानपुरला जाताना तुम्हाला कधी रोकलं नाही. आता पण नाही रोकत. जा तुम्ही.”

पिन त्यांच्या हातातच होती. माझ्या फोनवरचं नाव माझ्या डोळ्यांदेखत गेलं. राउटरला हात लावून बघितला, तो गार पडला होता.

मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ हसलोच. म्हटलं, काकू, सुटले काका, उद्या त्या माणसाला बोलावून हे देऊन टाकू.

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. बोटाने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. शेजाऱ्यांची नावं आली, काकूंचं नवं वायफाय आलं. त्यांनी फोनचं वायफाय बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग फोन माझ्याकडे दिला.

“तू बघ ना,” त्या म्हणाल्या. “तुझी नजर चांगली आहे. असेल रे कुठेतरी.”