टॉमीच्या आधीचं 'एक'

अंगठ्याला शाई लावून झाली होती, पण शेवंताबाई काही केल्या तो कागदावर टेकवेनात. दहा वाजता ऑपरेशन, मुतखड्याचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नगरच्या एका हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. संमतीपत्र मीच नुकतं वाचून दाखवलं होतं, पाठ म्हटल्यासारखं, भराभरा.

"आता काय झालं, बाई?" माझा आवाज चढलाच.

"सिस्टर, तुमी 'एक' म्हनालात. माझा एक गुर्दा काढनार व्हय? घरात तीन लेकरं हायेत माझी."

मी कपाळावर हात मारला. "अहो, तो आकडा नव्हे! डॉक्टरांचे शब्द ग्रीक भाषेतले असतात. नेफ्रो म्हणजे गुर्दा. लिथो म्हणजे दगड. टॉमी म्हणजे चिरणं. नेफ्रोलिथोटॉमी. गुर्दा चिरायचा, खडा काढायचा, परत शिवायचा. झालं!"

"टॉमी?" त्यांचे मालक, पुणतांब्याचे शेतकरी रंभाजी, म्हणाले. "आमच्या वस्तीवरच्या कुत्र्याचं नाव हाय की!"

अख्खा वॉर्ड हसला. शेवंताबाई हसल्या नाहीत. "मंग ह्याच्यात 'एक' कुठं हाय?"

"कुठंच नाही," मी म्हणाले आणि कागदाकडे पाहिलं. टाइप केलं होतं 'नेफ्रेक्टॉमी'. एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं. म्हणजे अख्खा गुर्दाच! माझ्याच तोंडून तो शब्द गेला होता आणि मला पत्ता नव्हता.

तशीच कागद घेऊन वॉर्डच्या डॉक्टरसाहेबांकडे धावले. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "खडा एकच आहे. गुर्दा ठणठणीत. कशाला काढायचा? कोणी लिहिलं हे?"

"क्लार्कनं काल गुर्दा काढलेल्या पेशंटचा कागद समोर ठेवून टाइप केलाय, सर. थिएटर लिस्टवरही तेच आहे."

त्या दिवशी ऑपरेशन करणारे सर्जन पुण्याहून यायचे होते आणि त्यांच्या हातात तीच लिस्ट पडणार होती. साहेबांनी दोन्हीकडे स्वतः खोडून नीट लिहिलं. मी तो दुरुस्त केलेला कागद एकेक अक्षर लावत वाचला. शेवंताबाईंनी कान देऊन ऐकला आणि मगच अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी बाटलीतला खडा पाहून रंभाजी म्हणाले, "टॉमीनं बराबर हुडकला बगा!" या खेपेला शेवंताबाईही हसल्या, टाक्यांवर हात दाबून. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तेव्हापासून पेशंटनं "काय म्हनालात?" विचारलं की मी आधी कागद बघते. चिडायचं असलंच तर नंतर चिडते.