गिअरबॉक्स एकट्यानं बसत नाही

क्लच प्लेट मी उलटी बसवली होती. हे मला कळलं तेव्हा आमची जीप तुराट्यांच्या गंजीत शिरलेली होती. क्लच मी पार पत्र्यापर्यंत दाबून धरला होता. क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटायला पाहिजे. आमच्या जीपला ते मान्य नसावं. गिअर टाकून चावी फिरवल्याबरोबर तिनं पुढं एक उडी मारली आणि बंद पडली.

बायको दारात आली. माझ्या डोक्यावरच्या काटक्या बघून म्हणाली, "तुराट्या पायजे होत्या तर सांगायचं की. हातानं आणून दिल्या असत्या."

जीप माझी आणि अण्णांची, निम्मी निम्मी. अण्णा म्हणजे आमचे शेजारी, माझ्याहून थोडे मोठे. घरात कन्नड, माझ्याशी मराठी आणि गाडीशी दखनी बोलायचे. गाडीशी बोललेलं इथं लिहिता येणार नाही. आमच्या खजुरी गावच्या शिवारात पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की मोटारसायकलवर माणूस बसण्याऐवजी माणसावर मोटारसायकल बसते. म्हणून आम्ही चारही चाकांनी ओढणारी ही जुनी जीप घेतली. तिचं इंजिन अमाप पेट्रोल प्यायचं. एक दिवस त्यानं पिणंही सोडलं. मग कलबुर्गीच्या भंगार बाजारातून एका पिकअपचं डिझेल इंजिन आणलं. गिअरबॉक्स जीपचाच ठेवायचा ठरलं, कारण चारही चाकांना जोर वाटून देणारी पेटी त्यालाच जोडलेली.

मला वाटलं, चार बोल्ट आवळले की झालं. पण इंजिनाची भोकं एकीकडं, गिअरबॉक्सची भलतीकडं. आळंदच्या लेथवाल्याकडून मधे घालायला जाड लोखंडी प्लेट करून घेतली. ती घातल्यावर गिअरबॉक्सचा शाफ्ट आखूड पडला; त्याचं टोक इंजिनाच्या पोटातल्या बेअरिंगपर्यंत पोचेना. प्लेट घासून पातळ केली. टोक पोचलं तर बेअरिंगमधे सैल. मग त्या सैल जागेत घालायला पितळी बुश कातून घेतला. क्लच प्लेटचं तसंच. बाहेरचं वर्तुळ नव्या इंजिनाच्या मापाचं, मधला दाते असलेला भाग जुन्या गिअरबॉक्सच्या मापाचा, दोन्ही रिवेट मारून जोडलेले. बाजारच्या प्लेटवर कुठली बाजू कुणीकडं ते लिहिलेलं असतं. आमच्या जोडप्लेटवर कोण लिहिणार? एवढंच माझं समर्थन. अण्णांनी ते कधी मान्य केलं नाही.

गिअरबॉक्स चढवायला दोन माणसं लागतात. एकानं गाडीखाली पडून तो पुढं ढकलायचा आणि दुसऱ्यानं पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं जरा जरा फिरवायचं, शाफ्टचे दाते क्लचच्या दात्यांत शिरेपर्यंत. जाणकार म्हणतील, गिअर टाकून मागच्या बाजूनं शाफ्ट फिरवला की एकट्यालाही जमतं. म्हणोत. अंगावर गिअरबॉक्स घेऊन त्यांनी मागं हात पोचवून दाखवावा. आमच्यात खाली मी आणि पुढं अण्णा, हे ठरलेलं. खालून मी "अजून" म्हणायचं, वरून त्यांनी "घे" म्हणायचं. सगळी दुपार आम्ही दोन शब्दांवर काढायचो, आणि संध्याकाळी घरी जाताना वाटायचं की केवढं बोललो आज.

तसा तो एकदा चढवलाही. मग सुरू करायच्या आधीच अण्णांचा मुलगा पुण्याहून आला आणि आईवडलांना घेऊन गेला. अण्णांचं दुकान आधीच बंद झालं होतं. शेत बटाईनं दिलं. निघताना अण्णांनी बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "चालू झाली की सांग." बस तेवढंच.

त्यानंतर त्यांचा फोन आला.

"काय चाललंय?"

"चाललंय."

"पाऊस?"

"हाय बरा."

पन्नास वर्षं एका भिंतीला लागून राहिलेली माणसं आम्ही. भिंत गेल्यावर काय बोलायचं ते कळेना. "ठेवतो मग," म्हणून त्यांनी ठेवला. मग फोन यायचा थांबला. मीही केला नाही. काय सांगायला करायचा? दुपारी मी उगाच त्यांच्या ओट्याकडं बघून यायचो. कुलूप जागेवर आहे का ते बघायला, असं बायकोला सांगायचो.

तुराट्यांचा प्रकार झाला त्या दिवशी मात्र मी फोन केला. उलट्या प्लेटचं ऐकून अण्णा एवढे हसले की त्यांच्या सूनबाईंनी फोन घेऊन विचारलं, "काय झालं हो मामांना?" मग अण्णांनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. तेव्हापासून दर रविवारी चारच्या सुमारास त्यांचा फोन यायला लागला. खोललास का? दाब-प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे ढिले केलेस ना? बुश खाल्ला का बघ. चांगला अर्धा तास. आमचं सगळं बोलणं आता त्या गिअरबॉक्समधून यायचं-जायचं. आठवडाभर मी रविवारसाठी काहीतरी काम करून ठेवायचो.

प्लेट सरळ केली. राहिलं फक्त गिअरबॉक्स पुन्हा चढवणं. जॅकवर फळी, फळीवर तो. ढकलत शेवटच्या चार बोटांपर्यंत आणायचा, दोरीनं बांधायचा, खालून सरपटत बाहेर यायचं, पुढं जाऊन पाना फिरवायचा, परत खाली जायचं. तोवर तो मागं सरकलेला. गावात हात लावायला माणसं नव्हती असं नाही. पण कुणाला हाक मारायची म्हटलं की जीभ उचलेना.

"कामून कुणाला बोलवत न्हाईत?" बायकोनं विचारलं.

"जमायलंय मला."

"दिसायलंय. शर्टाला पाठ ऱ्हायली न्हाई."

मग तीच पदर खोचून पुढं येऊन बसली. "कोणता नट?"

"तो मोठा. पाना लाव अन् जरा फिरव."

"जरा म्हंजे किती? मिठाएवढं का पिठाएवढं?"

"मिठाएवढं."

तिनं फिरवला. मी ढकलला. "अजून," मी म्हणालो.

"'अजून'च म्हणायचं असतंय का?"

"तू 'घे' म्हणायचं."

"घ्या," ती म्हणाली, आणि गिअरबॉक्स हळूच आत गेला, अंगठी बोटात जावी तसा. इतका सहज गेला की मी खाली तसाच पडून राहिलो. ती वाकून बघायला लागली. "लागलं का कुठं?"

"न्हाई."

शनिवारी जीप सुरू झाली. या वेळी क्लच सुटला, गिअर पडला, उडीबिडी काही नाही. मी एकटाच शिवारापर्यंत जाऊन आलो. ओढ्याच्या चिखलात मुद्दाम घातली, निघाली. बांधावर थांबवली आणि डाव्या बाजूच्या रिकाम्या सीटकडं बघत बसलो. आनंद झाला नाही असं कसं म्हणू? पण रविवार उद्यावर होता. झाली म्हणून सांगितलं की अण्णा म्हणणार, छान. मग काय चाललंय, चाललंय, पाऊस.

रविवारी फोन आला. बायको ओसरीत तूर पाखडत होती. जीप समोर उभी, बोनेटवर आमची मांजर.

"बसला का रे?"

मी जीपकडं बघितलं. "न्हाई अण्णा. दाते घेईनात."

"मला ठावं होतं!" अण्णांचा आवाज एकदम चढला. "गिरीस लावलास का दात्यांना? थोडंच हं. अन् पुढून कोण फिरवायलंय? कुणी न्हाई? थांब, सांगतो." ते सांगत राहिले. मी हं हं म्हणत राहिलो. सूप कधी थांबलं ते मला कळलं नाही.

फोन ठेवला तेव्हा ती माझ्याकडं बघत होती.

"अन् अण्णाभाऊजींनी न बसलेल्या गिअरबॉक्सचा फोटो मागितला म्हंजे?" तिनं विचारलं. मी बोनेटवरची मांजर खाली उतरवली. तिनं सुपातली तूर सारखी केली. "गाडी पुन्हा खोलायची असंल तर बुधवारी खोलू. उद्या-परवा मला डाळीचं काम हाय."