टँकरवर ढकललेली कावीळ

"हेपेटायटिस," डॉक्टर मॅडम रिपोर्ट बघत म्हणाल्या. म्हणजे लिव्हरला सूज. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळेपण, पार चढलेलं. "पाणी कुठलं पिता?"

"टँकरचं," मी झटकन बोललो. दुष्काळात कोण शंका घेणार?

दोस्तांनो, हीच चूक. तुम्ही करू नका.

मी केज तालुक्यातल्या एका दूध सोसायटीत फॅट तपासायचो. जनावरं आटलेली, काम थोडं, मोबाईल फार. मला पुरुष आवडतात. बघा, लिहिलं की नाही! मोबाईलच्या डेटिंग अ‍ॅपवरचे लोक आधी छातीचा फोटो मागायचे. एकानं मला "काडीपैलवान" म्हणून ब्लॉक केलं. लई लागलं ते. मग जिमवाल्याकडून इंजेक्शनं सुरू केली. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे दंड फुगवणारं औषध. दंड फुगले खरे, पण पाठोपाठ डोळे पिवळे झाले.

बीडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आई धापा टाकत आली. "तुझ्यापायी गावानं टँकर माघारी लावला बघ! म्या पण दोन हंडे ओतून दिले. परवापासून थेंब न्हाई कुणाकडं."

अरे देवा! माझ्या थापेपायी अख्खं गाव तहानलेलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. "व्हायरसच्या टेस्ट निगेटिव्ह आहेत. पाण्यातून झालेलं नाही हे. काही लपवताय का?"

आईला चहाला पाठवलं आणि सगळं ओकलो. इंजेक्शनं, फोटो, पुरुष, सगळं एका दमात.

"बरं झालं सांगितलंत. इंजेक्शनं आजपासून बंद. पुरुष आवडणं हा आजार नाही, मी लिव्हरवर इलाज करतेय," त्या म्हणाल्या. मला रडूही आलं आणि हसूही.

लगेच सरपंचांना फोन लावला. "टँकर चालू करा! पाणी चांगलं हाय, मलाच जिमचं इंजेक्शन बाधलं." त्यांनी ठेवणीतल्या शिव्या हासडल्या. खाल्ल्या गुमान.

संध्याकाळी सलीम आला. बीडमध्ये त्याचं गॅरेज आहे आणि दोन वर्षं तो माझा आहे. तो असून मी अनोळखी लोकांच्या शेऱ्यांवर दंड फुगवत होतो! ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "कावून बे? मी कधी मागितली छाती?"



बिलिरुबिन उतरायला दीड महिना लागला. दंडही उतरले, पुन्हा काडीपैलवान! मॅडमचे आणि सलीमचे उपकार फिटायचे नाहीत. सलीमबद्दल आईला सांगायचं राहिलंय, हे लिखाण म्हणजे त्याची तालीमच.

गावात टँकर आला की पहिला तांब्या आई माझ्या हातात देते. मी तो चौकात उभा राहून, सगळ्यांदेखत, गटागटा पितो.