मानाचे नऊ शेअर

कंपनी काढायचं सांगलीत मार्केट यार्डासमोरच्या हॉटेलात, दोन कप चहा संपेपर्यंत ठरलं होतं. ती बंद करायचं ठरवून महेंद्र बनसोडेला आता चौदा महिने झाले होते, आणि कंपनी अजून चालूच होती.

महेंद्रचं वय एकसष्ट. कडेगावच्या अलीकडे त्याच्या गावाबाहेर माळ आहे, त्या माळावर कंपनीची शेड. रोज सकाळी साडेआठला तो शटर वर ढकलायचा. उजव्या खांद्यातून कळ जायची, म्हणून मध्ये एकदा थांबायचा. आत हळद शिजवायचे दोन कुकर अर्धवट जोडून उभे, एक पॉलिशचा ड्रम रंग देऊन तयार. एके काळी हंगामापूर्वी असे साठ-पासष्ट नग जायचे. यंदा अकरा गेले. पंधरा वर्षांपूर्वी शेतकरी स्वतःचा कुकर घ्यायचा. आता भाड्याचा कुकर बांधावर येतो, आणि भाड्याने देणारे बाहेरून आलेला स्वस्त माल घेतात. कामगार चारच उरले होते. त्यांतल्या दोघांना महेंद्रने स्वतः फोन करून दुसरीकडे चिकटवून दिलं होतं.

कुणाचं देणं नव्हतं. त्याची घाई त्यासाठीच होती. आज बंद केली तर सगळ्यांचं सगळं देऊन, मान ताठ ठेवून बंद होईल. आणखी दोन हंगाम ओढली तर तसं होणार नाही, हे त्याला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर तो दमला होता. मुलगी पायल पुण्यात नर्स. तिने एकदाच विचारलं होतं, "पप्पा, हे मी येऊन चालवावं असं तुम्हाला वाटतं का?" तो नाही म्हणाला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची सुटका त्याने पाहिली होती.

कंपनीचं नाव 'अनमहे मशिन्स प्रायव्हेट लिमिटेड'. अनंतचा 'अन' आणि महेंद्रचा 'महे'. अनंत ताम्हनकर सांगलीतला, हळद व्यापाऱ्याच्या घरातला. महेंद्र एका इंजिन कारखान्यात फिटर. नव्वदच्या दशकाअखेर दोघे एकत्र आले. साधी भागीदारी करावी असं महेंद्रचं म्हणणं होतं. अनंतला ते पटलं नाही. त्याच्या वडिलांची फर्म एका काकांच्या निधनानंतर मोडली होती आणि भाऊ एकमेकांच्या दारात जाईनासे झाले होते. "भागीदार गेला की फर्म बसते," तो म्हणाला. "कंपनीचं तसं नसतं. आपण गेलो तरी ती राहते." त्या वेळी महेंद्रला हे फार मोठं वाटलं होतं.

मग महेंद्रने एक अट घातली. गावातल्या आपल्या आळीच्या नऊ वडीलधाऱ्यांना एकेक शेअर द्यायचा. अनंतला कळेना. कायद्याला दोन माणसं पुरत होती.

"आमच्याकडं लग्नात मानाच्या माणसाला टॉवेल-टोपी करतात," महेंद्र म्हणाला. "टॉवेल दोन महिन्यांत फाटतो. ह्यांना शेअर देऊ."

अनंत हसला आणि हो म्हणाला. बुद्धविहारात कार्यक्रम झाला. नऊ जणांच्या हातात शंभर रुपयांच्या एकेका शेअरचं प्रमाणपत्र दिलं गेलं. सगळ्यांनी ते कडेगावात नेऊन लॅमिनेट करून घेतलं आणि भिंतीवर लावलं. बाकीचे हजारो शेअर महेंद्र आणि अनंतकडे निम्मे-निम्मे.

जागेचा निर्णय मात्र चुकला. महेंद्रला माळ हवा होता, अनंतला बाजारपेठ. शेवटी सांगलीत नदीकडच्या सखल भागात शेड घेतली. २००५ ला पाणी आलं. चिखल काढला, मोटारी उन्हात वाळवल्या, आणि तिथेच राहिले. २०१९ ला पाणी छताच्या पत्र्याला लागलं. तेव्हा दोघांनी एका आठवड्यात सगळं उचलून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर या माळावर आणलं. यंत्रं आली. सांगलीचे वेल्डर आले नाहीत. वीस वर्षं हात बसलेली माणसं रोज इतक्या लांब कशाला येतील? दोन वर्षांनी अनंत गेला. त्याचे शेअर त्याचा मुलगा राजस याच्या नावावर झाले. राजस पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. नावाला दुसरा संचालक, सांगाल तिथे सही करणारा.

बंद करायचं ठरल्यावर सांगलीच्या कंपनी सेक्रेटरी वल्लरी जोगळेकर यांनी सगळी जुनी दप्तरं मागवली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बनसोडे, २०१९ ला ऑफिस सांगलीहून कडेगावला हलवलंत, त्या सभेला कोण कोण होतं?"

"सगळे सभासद."

"नानासो बनसोडे होते?"

महेंद्रने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कारण त्यांच्या वारसाचा कागद माझ्यासमोर आहे. ते २०१६ ला वारलेत."

सभा झालीच नव्हती. पुराच्या धांदलीत अनंतच्या जेवणाच्या टेबलावर दोघांनी इतिवृत्त लिहिलं होतं. उपस्थित म्हणून नऊच्या नऊ नावं घातली होती. घरचीच माणसं, नाही कशाला म्हणतील? नानासोंचं नाव लिहिताना महेंद्रचा हात थांबलासुद्धा नव्हता.

"आता असलं काही चालणार नाही," वल्लरी म्हणाल्या. "कंपनी गुंडाळायला जो लिक्विडेटर नेमू, तो प्रत्येक पान बघणार. खरी सभा घ्या, खऱ्या नोटिसा द्या. तीन चतुर्थांश मतं लागतील. आणि एक लक्षात ठेवा. हात वर करून मतदान झालं तर माणसामागे एक मत. तुमचे पन्नास टक्के आणि त्यांचा एक शेअर, हाताला हात सारखाच."

"म्हणजे ते पाडू शकतात?"

"हातांनी, हो. मग तुम्ही पोल मागायचा. त्यात शेअर मोजतात. तिथे त्यांचं काही चालत नाही."

नऊपैकी चौघं गेली होती. त्यांतल्या नानासोंचा शेअर वल्लरींनी त्यांच्या बायकोच्या, हरणाबाईच्या नावावर चढवून घेतला. बाकी तिघांच्या वारसांनी कागदच दिले नाहीत. म्हणजे मानाची माणसं उरली सहा. नोटिसा पोस्टाने गेल्याच. तरीही महेंद्र स्वतः एकेका घरी गेला. धोंडीबा हा त्याचा सख्खा चुलता, वय चौऱ्याऐंशी. त्याच्याकडे शेवटी.

"जय भीम, तात्या."

"जय भीम. बस." धोंडीबाने पोस्टाने आलेला कागद उशाखालून काढला. "ह्ये काय धाडलंयस? शेजारच्या पोरीनं वाचून दावलं. म्हनं कंपनी मोडायची."

"बंद करायची, तात्या. रीतसर."

"तोट्यात हाय?"

"न्हाई."

"कुनाचं घ्यायचं-द्यायचं?"

"काय न्हाई."

"मग?"

महेंद्रने खाली बघितलं. "मी दमलोय तात्या."

"दमलास तर तू बस की रं. कंपनीला कशाला खाली बसवतोस?"

वल्लरींच्या पुस्तकातही कदाचित हेच लिहिलं असेल, की माणूस वेगळा आणि कंपनी वेगळी. पण शटर कंपनी वर करत नव्हती.

"चालवनारं कोन हाय, सांगा."

"ते तू बघायचं. आमी बघायचं असतं तर आमाला कवातरी इचारलं असतंस." धोंडीबाने भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडे हात केला. "सव्वीस-सत्तावीस वर्सं झाली. आज पयल्यांदा सभेचं बोलावनं आलं. तेबी मयताचं."

सभा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी अकरा वाजता शेडमध्येच ठेवली. महेंद्रने रिक्षा पाठवली होती. धोंडीबाने ती परत धाडली आणि काठी टेकत माळ चढून आला. मागोमाग हरणाबाई, बाळाबाई आणि इतर तिघं. राजस पहाटे पुण्याहून निघून आला होता. वल्लरी कोपऱ्यातल्या टेबलावर वही उघडून बसल्या. सगळे मिळून आठ सभासद.

सुरुवातीलाच महेंद्रने सांगून टाकलं. रात्रभर मनात जुळवलेली वाक्यं ऐनवेळी राहून गेली.

"२०१९ ला आपन हितं आलो. तवा कागदावर लिवलं, की तुमी सगळी सभेला व्हता. ते खोटं हाय. सभा झालीच न्हवती. मी आन् अनंतनं घरी बसून लिवलं. नानासोतात्याचंबी नाव घातलं."

"कुनाचं?" हरणाबाईने पदर सावरला.

"नानासोतात्याचं."

"तीन वर्सं झाली व्हती की जाऊन."

"व्हय."

"जित्तेपनी हाक मारली तर जेवायला आला न्हाई कवा वेळंवर," हरणाबाई म्हणाली, "आन् तुज्या सभेला मेल्यावर आला. लय गुनाचा मानूस."

बाळाबाई तोंडाला पदर लावून हसली. बाकीचेही हसले. धोंडीबा हसला नाही.

"माजंबी नाव हाय त्यात?"

"हाय."

"मी व्हय म्हनलो, आसं लिवलंय?"

"व्हय, तात्या. एकमतानं."

धोंडीबाने काठी दुसऱ्या हातात घेतली. "वाच म्होरं."

वल्लरींनी ठराव वाचला आणि मराठीत सोपा करून सांगितला. कंपनी स्वेच्छेने बंद करायची, लिक्विडेटर नेमायचा, तो यंत्रं विकून ज्याचं त्याला देईल. कुणाला बोलायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. राजस म्हणाला, "काकांनी एकट्याने किती ओढायचं? बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं." वल्लरींनी वहीचं पान उलटलं.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

महेंद्रचा हात, राजसचा हात. मग हरणाबाईचा. ती महेंद्रच्या खांद्याकडे बघत होती. तो हात त्याला धड वरपर्यंत नेता येत नव्हता. तिच्यामागून बाळाबाईचा.

"विरोधात?"

धोंडीबाचा हात आधी गेला, काठीसकट. मग उरलेले तीन. त्या तिघांना ठरावाचं काय कळलं होतं, कुणास ठाऊक. पण धोंडीबाने हात वर केला होता, आणि सहा वर्षांपूर्वी आपला हात परस्पर दुसऱ्याच कुणी वर केला होता, एवढं त्यांना कळलं होतं.

"चार विरुद्ध चार," वल्लरी म्हणाल्या. "ठराव नामंजूर."

राजसने महेंद्रकडे बघितलं. पोल मागायचा हक्क त्यालाही होता. त्याने मागितला नाही. हे दुसऱ्याच्या घरातलं काम आहे, इतकं त्याला उमगलं होतं.

महेंद्र उठून शेडच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. आत्ता गप्प बसलं तर झालं. धोंडीबा खूष, आळी खूष. उद्या साडेआठला शटर. पुढच्या डिसेंबरला सात नग, त्याच्या पुढच्या वर्षी चार. आणि मग कधीतरी, द्यायला काही उरलं नसताना, ह्याच माणसांसमोर उभं राहायचं. दुसऱ्या बाजूला, पोल मागायचा म्हणजे ह्यांच्या तोंडावर सांगायचं की तुमच्या हाताला किंमत नाही. सन्मान म्हणून जे दिलं ते मोजायला गेलं तर काहीच नव्हतं, हे सांगायचं.

"मॅडम," तो म्हणाला, "मी पोल मागतो."

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. वल्लरींनी प्रत्येकाला विचारून खुणा करून घेतल्या. मोजणीला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाजूने हजारो, विरोधात चार.

"ठराव मंजूर."

"आन् आमचं हात?" धोंडीबाने विचारलं. "आत्ता तर पडला व्हता की."

वल्लरी समजावू लागल्या. महेंद्रने त्यांना थांबवलं.

"तात्या, दुसऱ्या खेपेला शेअर मोजत्यात. मानसं न्हाईत. तुमचा एक, माजं लय."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आदीपासनं?"

"नोटीस द्यायच्या आदीपासनं."

"मग मला चढ चढवून आनलंस कशाला?"

"रिक्षा धाडली व्हती."

"रिक्षाचं इचारत न्हाई मी."

महेंद्र त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसला. "मागल्या बारीला न इचारता तुमचं 'व्हय' लिवलं. ह्या बारीला इचारलं. तुमी न्हाई म्हनला. मला तरीबी बंद करायची हाय."

धोंडीबाने काठी खुर्चीला टेकवली. मग वल्लरींच्या वहीकडे वळला. "बाई, लिवा. धोंडीबा रामा बनसोडे न्हाई म्हनला. हात वर करून."

"आजोबा, पोलचाच निकाल लिहायचा असतो. आधीच्या हातांची गरज नाही."

"लिहा मॅडम," महेंद्र म्हणाला. "चौघांचीबी नावं लिहा. हातांचा ठराव पडला होता, तेही लिहा."

वल्लरींनी ओळी लिहिल्या. धोंडीबाने त्या दोनदा वाचून घेतल्या. दुसऱ्यांदा रामा ह्या वडिलांच्या नावाशी त्यांना थांबवून, ते नीट लिहिलंय ना, हे विचारलं. मग अध्यक्ष म्हणून महेंद्रने खाली सही केली. राजसने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीकडे गेला.

उतरताना धोंडीबाचा पाय लटपटला, तेव्हा तो महेंद्रच्या गाडीवर बसायला तयार झाला. मागे बसून त्याने एक हात पुतण्याच्या दुखऱ्या खांद्यावर टाकला. महेंद्रने दात आवळले, पण हात काढ म्हणून सांगितलं नाही. माळ उतरून गावचा रस्ता लागला.

"उद्या काय करनार?" धोंडीबाने मागून विचारलं.

"झोपनार."

"झोप," धोंडीबा म्हणाला. "पर शेटरची किल्ली त्या यंत्रं इकनाऱ्या नव्या मानसाला दे आदी. न्हाई तर सकाळी साडेआठला उठून बसशील."