परतीचं वजन

माणसाची खरी पारख पाण्यात होते, आणि त्याला पाण्यात न उतरवताही ती करू शकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बेंबळीच्या शाळेत मास्तर असताना माझ्या शेजारी राहणारे चाचा. कुणीही समोर आलं की चाचा त्याला नीट न्याहाळत आणि कमरेला किती लोखंड बांधलं म्हणजे तो बुडेल, ते सांगून टाकत. यात वाईट हेतू मुळीच नसे. त्यांची सारी उमर मुंबईच्या गोदीत पाणबुड्याचं काम करण्यात गेली होती आणि त्या कामात जीव याच हिशेबावर असतो. पण नवख्याला हे कसं कळावं? एका लग्नात त्यांनी नवरदेवाकडं टक लावून गंभीरपणे सांगितलं, "पोरगं हाडानं जड हाय. ह्याला शेरभर बी लई झालं." नवरदेवाचे मामा जेवायलाच बसेनात. मी हातापाया पडलो तेव्हा कुठं पंगत बसली.

गोदीतून सुटताना चाचांनी पाठीला बांधून पाण्याखाली दम घ्यायची, हवा भरलेली एक टाकी विकत आणली होती. ती बुटकी होती. उंच टाकीत हवा जास्त मावते, पण चाचांनी ही निवडली, कारण ती चाचीच्या पाठीला बसणारी होती. हवा पुन्हा भरायची तर मुंबईलाच जावं लागणार, म्हणून टाकी गोधडीत गुंडाळून त्यांनी वर्षानुवर्षं जपली. गावातल्या कुणाची घागर विहिरीत पडली की ते नुसत्या दमावर बुडी मारून काढून देत. ती हवा फक्त चाचीसाठी होती. आपण इतकी वर्षं कुठं होतो, ते बायकोनं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

चाचीचं मत मात्र केव्हाच ठरून गेलं होतं. लग्न झालं तशी ती बेंबळीत आणि चाचा मुंबईत. ईदेला चार दिवस यायचे, की पुन्हा गायब. नवऱ्याशी थेट तक्रार करायची तिची रीत नव्हती. ते शेजारी बसलेले असताना ती मला सांगे, "समिंदराचं निस्तं नाव, मास्तर. हितं म्या सासूचं दुखणं काढत व्हते आन् तिकडं ह्यांचं दिवे, सिनेमा, चा-बिस्कुट." चाचा मान खाली घालून ऐकून घेत. त्यांना बोलून काही पटवता येत नसे, आणि मला त्यांची फार दया येई.

पुढं सरकारनं किलोची वजनं आणली. दुकानदारांची शेर, अच्छेर, पावशेर अडगळीत गेली, ती चाचांनी मागून आणली आणि एका चामडी पट्ट्यात ओवली. चाचीचा पट्टा तयार झाला, चाची तयार होईना. मग एका वर्षी पाऊस रुसला. शेतातल्या विहिरीचं पाणी दिवसेंदिवस खाली जाऊ लागलं आणि चाचांचा चेहरा उतरला. ते पाहून की काय, चाची मला म्हणाली, "बघून येते एकदा."

चाचांनी आधी तिला पायरीजवळ उभ्यानं तोलून पाहिलं. लुगडं फुगून ती भोपळ्यासारखी वर आली. त्यांनी कासोटा घट्ट करवून घेतला आणि एकेक वजन वाढवलं. छाती भरली की पाणी डोळ्यांशी यावं, दम सोडला की माणूस सावकाश खाली जावा, असा तो हिशेब. समुद्राचं खारं पाणी माणसाला उचलून धरतं, आपलं गोडं पाणी तेवढं धरत नाही, म्हणून समुद्रापेक्षा लोखंड कमी. रबरी कपडे नाहीत, म्हणून आणखी कमी. एवढं करून त्यांनी एक पावशेर मात्र जास्तच ओवला. मी विचारलं तर म्हणाले, "हवा सपली की टाकी हलकी हुती, मास्तर. वजन जातानाचं न्हाय, परतीचं धरायचं असतं." मग दम कोंडू नको, वर येताना तर मुळीच नको, असं तिला पुन्हा पुन्हा बजावून ते तिला खाली घेऊन गेले.

चाचीला बांधलेला दोर वर माझ्या हातात होता. चाचा स्वतः नुसत्या दमावर होते. दम घ्यायला ते वर येत, तेवढा वेळ चाची त्या हिरव्या अंधारात एकटी असे. बुडबुडे येत राहिले. अखेर चाचांनी तिला सावकाश वर आणलं. ती पायरीवर बसली.

मग मला म्हणाली, "तिथं कायबी ऐकू येत न्हाय, मास्तर. आपलाच दम तेवढा." आणि चाचांकडं बघून, "म्हंजी हे बी एकलेच व्हते."

चाचा तिच्या कमरेचा पट्टा सोडवत होते. त्यांचे हात थांबले.

त्यानंतर चाचीनं मुंबईचा टोमणा कधीच मारला नाही. चाचांना मात्र त्याची सवय झालेली. अधूनमधून ते स्वतःच मुंबईची गोष्ट काढत आणि आशेनं तिच्याकडं बघत. ती नुसता त्यांच्यापुढं चहा सरकवी आणि जवळ बसून राही.