येऊ द्या, येऊ द्या, बस

गाडी सरळ चालवायला अक्कल लागत नाही, असं माझं मत आहे. अक्कल लागते ती मागे घ्यायला, आणि ती मला दीड महिना आली नाही.

शिकायची हौस मला मुळीच नव्हती. दुष्काळाची वर्षं होती. पाथर्डी तालुक्यातल्या एका छोट्या मिशन इस्पितळात मी नर्स होते. आमच्या ड्रायव्हरना सगळे मामा म्हणायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो पिकेपर्यंत ऑपरेशन होणार नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना गाडी चालवायची बंदी केली आणि जीप शेडमध्ये उभी राहिली. मग खेड्यांवर जायचं तर एसटीने. खडी फोडायच्या कामावरची एक बाई अडली म्हणून निरोप आला. मी एसटीची वाट बघितली, फाट्यावर उतरले, तिथून चालत गेले. पोचले तेव्हा बाळ गेलेलं होतं. ती बाई खडीच्या ढिगाकडे बघत बसली होती. परत आल्यावर मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, लायसन्स मी काढते.

पुढे जाणं आठवड्यात जमलं. पण परीक्षेत दोन बांबूंच्या मधल्या जागेत गाडी मागे घालून दाखवावी लागे, आणि तिथे माझं घोडं अडलं. शेडला तीन भिंती आणि वर पत्रा, तीच आमची सरावाची जागा. मामा आत जाऊन उभे राहायचे आणि तिथून आवाज द्यायचे, येऊ द्या, येऊ द्या, जरा उजवीकडं, बस. माझे डोळे समोर, पाय क्लचवर आणि कान मागे. आरशात ताडपत्रीशिवाय काही दिसायचं नाही. चाक कुठे फिरवलं की गाडीचा मागचा भाग कुठे जातो हे डोक्यात बसेना. कट्ट्यावर रोग्यांचे नातेवाईक बसलेले असायचे. जन्मात बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं, पण मला शिकवायला एकेक पुढे. मी दात-ओठ खात पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. हळूहळू मामांच्या आवाजावर गाडी नीट आत जायला लागली. मला वाटलं, जमलं.

मामांना शेजारी बसवून शिकाऊ लायसन्सवर मी गाडी परीक्षेला नगरला नेली; डॉक्टरीणबाईंची परवानगी तेवढ्यापुरतीच होती. इन्स्पेक्टरांनी मामांना लांब लिंबाखाली उभं केलं. मी रिव्हर्स टाकला आणि मागून काही आवाजच येईना. तशीच बसून राहिले. बघ्यांपैकी कुणाला तरी माझी दया आली असावी. "येऊ द्या, येऊ द्या," तो म्हणाला, आणि माझा पाय आपोआप क्लचवरून सुटला. बांबू मोडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे ब्रेक दाबला.

इन्स्पेक्टरांनी शांतपणे विचारलं, "बाई, गाडी तुम्ही चालवताय की तो?"

परतीच्या वाटेवर मी मामांना नको ते बोलले. तुम्ही मला गाडी शिकवलीच नाही, म्हटलं, नुसतं तुमचं ऐकायला शिकवलंत. ते शेजारी बसून समोरचा रस्ता बघत राहिले. त्यांना तो किती दिसत होता कोण जाणे. तिसगाव येईपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. आता पुन्हा तारीख मिळेपर्यंत एसटीच, आणि तोवर कुठे कुणी अडली तर काय, हे डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बजावलं, आज तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही. ताडपत्री गुंडाळून वर बांधली, रिव्हर्स टाकला आणि पहिल्यांदा मान वळवून मागे बघत गाडी घेतली.

मामा भिंतीला पाठ लावून उभे होते, बरोब्बर गाडीच्या वाटेत. तोंड एका बाजूला फिरवलेलं. उजवा हात पुढे केलेला, पंजा उघडा, येणाऱ्या गाडीचं मागचं फळकं चाचपायला.

मी गाडी तिथेच बंद केली. उतरले.

"रोज इथेच उभे राहता?"

"मग? डोळ्यांनी काय दिसतंय मला, सिस्टर? हाताला फळकं लागलं की म्हनायचं, बस."

"आणि मी थांबले नसते तर?"

"तुमी ऐकता की," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, कट्ट्यावर बसवलं आणि नातेवाइकांना सांगितलं, हे जागेवरून उठले तर मला हाक मारा. मग दुपारपर्यंत एकटीने गाडी आत घातली आणि बाहेर काढली. दोनदा फळकं भिंतीवर आपटलं, गिलावा पडला. ज्या जागी गिलावा पडला ती मामांच्या छातीची उंची होती.

पुढच्या तारखेला मी पास झाले. लायसन्स हातात आल्यावर पहिली खेप खडीच्या कामावरच केली, तिथे आणखी दोघींचे दिवस भरत आले होते. मामा शेजारी बसून होते. परतल्यावर त्यांना आधी उतरवलं, ते कट्ट्यावर बसलेले बघितले आणि मगच गाडी शेडमध्ये घेतली.

आता गाड्यांना चांगले आरसे असतात. तरी मागून कुणी "येऊ द्या" म्हणालं की मी आधी खाली उतरते आणि तो कुठे उभा आहे ते बघून येते.