दुसरा देश नसल्याचा पुरावा

"म्हणजे ती भारतीय आहे, असं सरकार म्हणतंय," मार्गारेट म्हणाली. "आहे का?"

मार्गारेट आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या फर्मची सीनियर पार्टनर. मी तिथे इमिग्रेशन सॉलिसिटर. आणि मी मूळची पुण्याची, त्यामुळे भारताबद्दलचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात.

"यास्मिन नॉटिंगहॅमला जन्मली," मी म्हटलं. "शाळा, नोकरी, सगळं तिथंच."

"जन्म कुठला, हे मी विचारलंच नाही."

यास्मिन फिजिओथेरपिस्ट. कृत्रिम पाय बसवलेल्या लोकांना चालायला शिकवायची. तुर्कस्तानच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या एका छावणीत ती आणि तिच्याच हॉस्पिटलमधला टॉम काही महिने हेच काम करत होते. परत येताना इस्तंबूलच्या विमानतळावर टॉम विमानात चढला. यास्मिनचा पासपोर्ट मशीनने घेतला नाही. तिच्या आईवडिलांच्या घरी नोटीस येऊन पडली होती: तिचे अतिरेक्यांशी संबंध आहेत, आणि तिने ब्रिटिश नागरिक असणं लोकहिताचं नाही, म्हणून तिचं नागरिकत्व रद्द करण्यात येत आहे.

टॉमला हीथ्रोवर पोलिसांनी चहा दिला, चार प्रश्न विचारले आणि घरी सोडलं. काम एकच, छावणी एकच. पण ज्याला दुसरा देशच नाही, अशा इथे जन्मलेल्या माणसाचं नागरिकत्व कायद्याने काढता येत नाही. टॉमचे खापरपणजोबासुद्धा डर्बीशायरचे. यास्मिनचे वडील दापोलीजवळचे.

तिची आई, सलमाबाई, ऑफिसात आल्या. घरात अजून मराठी बोलतात.

"वकीलबाई, पोरीने केलंय काय, तेवढं तरी सांगा."

"मलाच ठाऊक नाही."

"मग तुम्ही भांडणार कशाशी?"

प्रश्न रास्त होता. अशा केसमध्ये पुरावा गुप्त असतो. तो पाहायला सरकारच एक स्पेशल ॲडव्होकेट नेमतं. तो आमच्या बाजूने लढतो, पण कागद पाहिल्यावर आमच्याशी केसबद्दल बोलू शकत नाही. मला तो कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये भेटला. "आज ऊन छान आहे," म्हणाला. संपूर्ण केसमध्ये त्याच्याकडून मला मिळालेली माहिती एवढीच.

मी मार्गारेटला म्हटलं, "आरोपावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. तिला दुसरा देश नाही, एवढंच सिद्ध करू."

"निर्दोष आहे असं म्हणायचंच नाही?"

"म्हणू की. पण कशाबद्दल निर्दोष, ते आधी कळायला हवं."

सरकारची भिस्त तिच्या ओसीआय कार्डावर होती. 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' असं भारदस्त नाव. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा. मत देता येत नाही, भारतीय पासपोर्ट मिळत नाही. तिच्या आईवडिलांनी ती जन्मण्याआधीच ब्रिटिश पासपोर्ट घेतले होते, तेव्हाच त्यांचं भारतीय नागरिकत्व संपलं. लेकीला भारताकडून मिळालं ते हे कार्ड, आजीला भेटायला जाता यावं म्हणून काढलेलं.

माझ्या सांगण्यावरून यास्मिन इस्तंबूलमधल्या भारतीय वकिलातीत गेली. मग तिचा फोन आला.

"ताई, तो माणूस खूप पोलाइट होता. बोलला, मॅडम, तुम्ही ब्रिटिश आहात, तुम्ही तुमच्या कॉन्सुलेटला जा." ती हसत होती. "मी कुणाची आहे मग?"

अपील रेंगाळलं. मधल्या काळात तिचे वडील गेले. नॉटिंगहॅममध्ये आयुष्यभर बस चालवलेला माणूस. जनाजा तिने फोनवर पाहिला. तिला येऊ द्यावं म्हणून मी अर्ज केला होता. सुरक्षेच्या कारणास्तव नाही, असं उत्तर आलं. कारण कोणतं, हेही सुरक्षेच्या कारणास्तव सांगितलं नाही.

सुनावणीत मुंबईचे एक ज्येष्ठ वकील व्हिडिओवर साक्षीला होते. न्यायाधीशांनी विचारलं, "कार्डावर 'सिटिझन' असं स्पष्ट लिहिलंय. मग तो शब्द तिथे कशासाठी?"

"शोभेसाठी, सर," ते शांतपणे म्हणाले.

सरकारी वकिलांनी बराच वेळ कागद चाळले. त्यांना शोभेच्या विरोधात काही सापडलं नाही.

आम्ही जिंकलो. सरकार वरच्या कोर्टात गेलं नाही. यास्मिन परत आली, तेव्हा विमानतळावर सलमाबाईंनी तिचा हात जो धरला तो कार पार्किंगपर्यंत सोडला नाही. तिथून मुलीने थेट कब्रस्तानात न्यायला सांगितलं.

आठवड्याभराने ती निकालाची प्रत घेऊन माझ्याकडे आली. तिने ती दोनदा वाचली होती.

"ताई, यात मी इनोसंट आहे असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग यात काय लिहिलंय?"

"तू ब्रिटिश आहेस, एवढंच."

दिलगिरी कुणी व्यक्त केली नाही. तिच्यावर नेमका काय आरोप होता, ते आम्हा दोघींना आजही माहीत नाही. हॉस्पिटलने नोकरी परत दिली, पण त्यांची स्वतःची चौकशी पूर्ण होईपर्यंत पेशंट दिले नाहीत.

मी मात्र एक गोष्ट शिकले. अशा केसचा क्लायंट समोर बसला की पूर्वी मी आधी विचारायचे, "तुम्ही काय केलंत?" आता विचारते, "तुमचे वडील कुठले?"